ग्रेस नील : परिचारिकेचे नाव नोंदवहीत आणणारी तपासनीस

१० जानेवारी १९०२ या दिवशी न्यूझीलंड सरकारच्या एका कोऱ्या नोंदवहीत पहिले नाव लिहिले गेले. ते होते एलन डॉगर्टी यांचे. पामर्स्टन नॉर्थ येथील रुग्णालयात त्या मेट्रन होत्या. केवळ परिचारिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा करून शासकीय नोंदणी सुरू करणारा न्यूझीलंड हा जगातील पहिला देश ठरला. डॉगर्टी यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आढळते. त्या नोंदवहीमागे जिचे श्रम होते, त्या ग्रेस नील यांचे नाव मात्र न्यूझीलंडबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. रुग्णालयात पाऊल ठेवणारा माणूस तेथून सुखरूप बाहेर पडेल की नाही, हे केवळ डॉक्टरच्या हुशारीवर किंवा देवाच्या कृपेवर सोडता येणार नाही. ते शासनाने तपासले पाहिजे, लिहून ठेवले पाहिजे आणि लोकांसमोर मांडले पाहिजे, ही जाणीव या देशाच्या कारभारात रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

आज आरोग्यक्षेत्रात ‘रुग्णसुरक्षेची संस्कृती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. रुग्णालयांत प्रश्नावल्या वाटल्या जातात. चूक झाली तर ती निर्भयपणे सांगता येते का, वरिष्ठांपुढे कनिष्ठांना बोलता येते का, थकलेल्या हातांवर जोखमीचे काम सोपवले जाते का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून संस्थेची प्रकृती जोखली जाते. हे शब्द अस्तित्वात नसतानाच्या काळात हेच प्रश्न घेऊन ग्रेस नील गावोगावच्या रुग्णालयांची पाहणी करत होत्या.

घराण्याबाहेरची वाट

एलिझाबेथ ग्रेस कॅम्पबेल यांचा जन्म २६ मे १८४६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील लष्करी परंपरेतले, जमीनजुमला राखून असलेले. अशा घरातल्या मुलीने चांगले स्थळ पाहून संसाराला लागावे, फार तर दानधर्माच्या कामात नाव कमवावे, एवढीच त्या काळची अपेक्षा असे. ग्रेस यांनी परिचर्येचे शिक्षण घ्यायचे ठरवले. लंडनमध्ये सेंट जॉन्स हाउस या संस्थेच्या व्यवस्थेत किंग्ज कॉलेज आणि चेरिंग क्रॉस या रुग्णालयांत त्यांनी धडे गिरवले.

तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. व्हिएन्नाचे इग्नाझ झेमेलवाइस यांनी, प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांनी हात स्वच्छ धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटतात हे दाखवले होते. पण आपल्याच हातांनी रोग पसरतो ही गोष्ट त्यांच्या बहुतेक समव्यावसायिकांनी त्यांच्या हयातीत मान्य केली नाही. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक शस्त्रक्रियेचा प्रसार नुकताच होऊ लागला होता. रुग्णालय बरे करते तसे ते मारूही शकते, हे उघडपणे बोलले जाऊ लागले होते. या वातावरणात घडलेल्या ग्रेस यांना स्वच्छता, शिस्त आणि नोंदी या तीन गोष्टींचे मोल प्रारंभीच कळले.

शिक्षणानंतर मँचेस्टरजवळच्या पेंडलबरी येथील मुलांच्या रुग्णालयात त्या परिचर्येच्या प्रमुख झाल्या. तेथेच डॉ. चॅनिंग नील यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह वडिलांना पसंत नव्हता. त्यांनी मुलीचा वारसाहक्क काढून घेतला. पुढे डॉ. नील ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडला गेले आणि १८८६ मध्ये ग्रेस आपल्या लहान मुलासह त्यांच्यामागे गेल्या. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय पदवी मिळवली होती. जगाच्या दोन टोकांना दोन स्त्रिया, एकमेकींना अनोळखी, आजारी बाईमाणसाच्या वाट्याला येणाऱ्या हेळसांडीशी आपापल्या परीने झुंजत होत्या. आनंदीबाईंना आयुष्याने पुढे वर्षभरही दिले नाही. ग्रेस यांच्या वाट्याला दीर्घ आयुष्य आले, पण १८८८ मध्ये त्यांना वैधव्य आले आणि पदरात लहान मूल.

लेखणी आणि कारखाने

परक्या मुलुखात एकट्या पडलेल्या या बाईंनी पोटापाण्यासाठी लेखणी हाती घेतली. ब्रिस्बेनमधील वृत्तपत्रांसाठी त्या लिहू लागल्या. पत्रकारितेने त्यांना दोन सवयी लावल्या. एक, पाहिल्याखेरीज न लिहिण्याची. आणि दुसरी, लिहिलेले थेट आणि नेमके असण्याची. १८९१ मध्ये क्वीन्सलँड सरकारने दुकाने, कारखाने आणि कार्यशाळांतील कामाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्यात ग्रेस नील यांची नियुक्ती झाली. शिवणकामाच्या कोंदट खोल्या, न संपणारे कामाचे तास, तुटपुंजी मजुरी हे सारे त्यांनी जवळून पाहिले.

१८९३ मध्ये त्या न्यूझीलंडला आल्या. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला या देशाने स्त्रियांना मताधिकार दिला होता. उदारमतवादी सरकारने कामगार विभाग उभा केला होता आणि एडवर्ड ट्रेगियर त्याचे सचिव होते. कारखान्यांत राबणाऱ्या मुलींशी मोकळेपणाने बोलू शकेल अशी स्त्री अधिकारी त्यांना हवी होती. ग्रेस नील देशातील पहिल्या महिला कारखाना तपासनीस झाल्या.

पुढच्या कामाची पायाभरणी येथे झाली, असे म्हणता येईल. कारखाना तपासनीसाचे काम मालकाच्या हेतूची परीक्षा घेण्याचे नसते. खोलीत हवा येते का, यंत्राभोवती कठडा आहे का, मुलगी किती तास उभी असते, हे पाहायचे असते. मालक सज्जन असला तरी कठडा नसेल तर बोट तुटतेच. माणसाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता व्यवस्था तपासण्याची ही दृष्टी त्यांनी लवकरच रुग्णालयांत नेली.

रुग्णालयांच्या दारात

१८९५ मध्ये ग्रेस नील रुग्णालये आणि मनोरुग्णालये यांच्या विभागात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाल्या. महानिरीक्षक होते डॉ. डंकन मॅक्ग्रेगर. ओटागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलेले हे स्कॉटिश डॉक्टर कडक स्वभावाचे, शब्दाला धार असलेले. दोघांचे सूर जुळले. आजारी, वृद्ध, अनाथ आणि निराधार यांच्यासाठी देशभर विखुरलेल्या संस्थांची पाहणी ही या दोघांची जबाबदारी होती.

तेव्हाची रुग्णालये १८८५ च्या कायद्यानुसार स्थानिक मंडळांच्या हाती होती. पैसा काही स्थानिक करांतून व देणग्यांतून, काही सरकारी अनुदानातून येई. मंडळांवर बसणारे व्यापारी, शेतकरी, गावचे प्रतिष्ठित. त्यांना खर्चाचा हिशेब कळत असे. जखम का चिघळली, हे कळण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. परिचारिकांची स्थिती तर फारच विषम होती. वेलिंग्टनसारख्या मोठ्या शहरात प्रशिक्षण सुरू झाले होते. लहान गावांत कामावर असलेली बाई काय शिकून आली आहे, हे विचारण्याची सोयच नव्हती. कोणी तीन वर्षे शिकलेली, कोणी एक वर्ष, कोणी केवळ पांढरा पोशाख घातला म्हणून परिचारिका. खासगी घरी सेवेला जाणारी बाई खरोखर शिकलेली आहे की नाही, हे रुग्णाच्या नातलगांनी ओळखावे तरी कसे?

मॅक्ग्रेगर आणि नील यांच्या पाहणीचे अहवाल दरवर्षी संसदेच्या कागदपत्रांत छापले जात. गावाचे नाव, भेटीचा दिवस, कक्षांची अवस्था, रुग्णांची संख्या, कर्मचाऱ्यांविषयी मत, सारे त्यात असे. आपल्या गावच्या रुग्णालयाबद्दल राजधानीत काय लिहिले गेले, हे वृत्तपत्रांतून गावकऱ्यांना कळू शके. रुग्णालयाचे गुणदोष हा चार भिंतींतला मामला न राहता सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. आज तपासणीचे अहवाल खुले असावेत अशी मागणी जगभर केली जाते. त्या मागणीचे मूळ अशा जुन्या कोरड्या अहवालांत सापडते.

याच वर्षांत प्लेगने जग हादरवले होते. हाँगकाँगहून १८९६ मध्ये तो मुंबईत आला; १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. तोच प्लेग १९०० मध्ये सिडनीला पोहोचला आणि न्यूझीलंडमध्ये घबराट उडाली. त्यातून त्या वर्षी सार्वजनिक आरोग्याचा नवा कायदा आणि स्वतंत्र विभाग जन्माला आला. रोगाच्या भीतीने का होईना, आरोग्य ही राज्याची जबाबदारी आहे हे मान्य होत चालले होते. ग्रेस नील यांनी ही वेळ साधली.

नोंदवहीचा कायदा

१८९९ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ग्रेस नील तेथे गेल्या. एथेल बेडफर्ड फेनविक या इंग्रज परिचारिका तेव्हा ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या नोंदणीसाठी वर्षानुवर्षे लढत होत्या. त्याच सुमारास परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची कल्पना पुढे आली आणि त्या प्रारंभीच्या कामात नील यांचाही सहभाग होता.

या लढ्याच्या विरोधात एक अत्यंत वजनदार नाव होते, ते म्हणजे साक्षात फ्लोरेन्स नाइटिंगेल. त्यांचा आक्षेप साधा नव्हता. परीक्षेने माहिती तपासता येईल, पण रुग्णाविषयीची कणव, जागरूकता आणि सचोटी कोणत्या परीक्षेत मोजणार, असा त्यांचा सवाल होता. नोंदवहीत नाव आले की लोक त्या बाईवर डोळे झाकून विश्वास ठेवतील आणि खरे गुण मागे पडतील, ही भीती त्यांना वाटत होती. हा आक्षेप ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण शतकभरानंतर तो वेगळ्या रूपात न्यूझीलंडपुढे पुन्हा उभा राहिला.

ग्रेस नील यांची भूमिका व्यवहारी होती. कणव मोजता येत नाही हे त्यांना मान्य असावे. पण कणव असलेली, मात्र न शिकलेली बाई चुकीचे औषध देऊ शकते, हेही कक्षाकक्षांतून फिरलेल्या तपासनीसाला ठाऊक होते. परतल्यावर त्यांनी विधेयकाच्या आखणीत पुढाकार घेतला. १२ सप्टेंबर १९०१ रोजी परिचारिका नोंदणी कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९०२ पासून अमलात आला. वयाची तेवीस वर्षे पूर्ण, रुग्णालयात तीन वर्षांचे प्रशिक्षण, डॉक्टर व मेट्रन यांच्याकडून पद्धतशीर शिक्षण आणि त्यानंतर शासकीय परीक्षा, अशा अटी ठरल्या. आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी परिचारिकांसाठी वेगळी तरतूद होती. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव खोडण्याचा अधिकारही ठेवला गेला.

या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व मोठे होते. नाव लिहिण्याबरोबर नाव खोडण्याची सोय असली, तरच नोंदवहीला अर्थ उरतो. नोंदणीची अधिकृत सूत्रे महानिरीक्षकांकडे असली तरी परीक्षांची व्यवस्था, अर्जांची छाननी आणि रुग्णालयांशी होणारा पत्रव्यवहार यांचा भार मुख्यतः नील यांनी वाहिला. ब्रिटनमध्ये असा कायदा व्हायला १९१९ साल उजाडले.

हीच नोंदवही, काळानुरूप बदलत, आज न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलकडे आहे. भारतातून येथे येणाऱ्या हजारो परिचारिकांना कागदपत्रांची पडताळणी आणि चाचण्या पार करून याच यादीत आपले नाव आणावे लागते. ती प्रतीक्षा अनेक घरांत सोसली गेली आहे. त्या कंटाळवाण्या प्रक्रियेचा उगम, रुग्णाला आपल्या उशाशी कोण उभे आहे हे कळले पाहिजे, या साध्या विचारात आहे.

बाळंतिणीच्या जिवाची किंमत

परिचारिकांचा प्रश्न मार्गी लागताच ग्रेस नील सुइणींकडे वळल्या. प्रसूती बहुधा घरीच होत. मदतीला शेजारीण, अनुभवी म्हातारी किंवा ऐपत असेल तर डॉक्टर. सूतिकाज्वराने बाळंतीण दगावणे ही गोष्ट नशिबावर ढकलली जाई. महाराष्ट्रातल्या खेड्यात पाचवी पुजताना जी धाकधूक असे, तीच निराळ्या रूपात न्यूझीलंडच्या वस्त्यांतही होती. पंतप्रधान रिचर्ड सेडन यांना घटत्या जन्मदराची चिंता होती. नील यांना मातांच्या मृत्यूंची होती. दोन वेगळ्या चिंतांची गाठ पडली आणि १९०४ मध्ये सुईण कायदा झाला. सुइणींनाही प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी लागू झाली. नोंदणीकृत परिचारिकेला सहा महिने, इतरांना बारा महिने प्रशिक्षण ठरले.

पण प्रशिक्षण द्यायचे कोठे? त्यासाठी सरकारी प्रसूतिगृहे हवी होती. १९०५ मध्ये वेलिंग्टनमधील रिंटूल स्ट्रीटवर पहिले सेंट हेलेन्स रुग्णालय उघडले. इंग्लंडमधील सेंट हेलेन्स हे सेडन यांचे जन्मगाव. नाव त्यावरून पडले. आपल्या गावाचे नाव पाटीवर झळकत असताना पंतप्रधान निधीसाठी हात आखडता घेणार नाहीत, हा हिशेब कोणाच्याही ध्यानात येईल असाच होता. घर शोधण्यापासून सामान जमवण्यापर्यंतची धावपळ नील यांनी स्वतः केली. त्याच वर्षी डनीडनला, १९०६ मध्ये ऑकलंडला आणि १९०७ मध्ये क्राइस्टचर्चला ही रुग्णालये सुरू झाली. पुढे त्यांची संख्या सातवर गेली.

सेंट हेलेन्सची रचना वेगळी होती. कष्टकऱ्यांच्या बायकांना परवडेल अशा माफक शुल्कात, प्रशिक्षित सुइणींच्या देखरेखीखाली प्रसूती होई. गुंतागुंत झाली तर डॉक्टरला बोलावले जाई. डनीडनला एमिली सीडेबर्ग आणि पुढे वेलिंग्टनला अ‍ॅग्नेस बेनेट या स्त्री डॉक्टरांनी दीर्घकाळ ही जबाबदारी सांभाळली. वैद्यकीय व्यवसायातून विरोधही झाला. सरकारने स्वस्तात प्रसूती केल्या तर आपले उत्पन्न घटेल, ही काहींची भीती होती. विद्यार्थी-डॉक्टरांना शिकण्यासाठी रुग्ण मिळत नाहीत, ही दुसरी तक्रार होती. शिकाऊ डॉक्टरचा अनुभव वाढवायचा की बाळंतिणीची खासगी मर्यादा राखायची, हा पेच तेव्हाही होता आणि आजच्या अध्यापन-रुग्णालयांतही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

प्रकाशाची मर्यादा

ग्रेस नील यांचे चरित्र केवळ गौरवाचे करून सांगणे त्यांच्याच सडेतोड वृत्तीला शोभणारे नाही. त्यांच्या काळाचे काही कठोर पूर्वग्रह त्यांच्यातही होते. सरसकट मदत दिल्याने माणूस आळशी होतो, असे मॅक्ग्रेगर मानत आणि नील यांचेही मत बरेचसे तसेच होते. दान देण्यापूर्वी मागणाऱ्याची पात्रता तपासली पाहिजे, लायक आणि नालायक गरीब वेगळे केले पाहिजेत, असा त्या दोघांचा आग्रह असे. सेंट हेलेन्सचे दरवाजेही प्रारंभी विवाहित स्त्रियांसाठीच उघडे होते. अविवाहित मातेला, म्हणजे जिला सुरक्षित प्रसूतीची गरज कदाचित सर्वांत अधिक होती तिला, तेथे जागा नव्हती.

माओरी समाजाच्या वाट्याला आलेली उपेक्षाही याच काळातली. साथीच्या रोगांनी माओरी वस्त्या पोखरल्या होत्या, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका मोजक्याच होत्या. नेपियर येथे शिकलेल्या अकेनेहि हेइ या माओरी परिचारिकेची १९०८ मध्ये नोंदणी झाली. आपल्या लोकांत राहून, त्यांच्या भाषेत आणि चालीरीतींचा मान राखून त्यांनी काम केले. १९१० मध्ये आजारी आप्तांची सेवा करताना त्यांना विषमज्वराने गाठले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. नोंदवहीने परिचारिकेची पात्रता सिद्ध केली. परिचारिकेच्या स्वतःच्या जिवाची काळजी घेणारी व्यवस्था उभी व्हायची होती. त्या दिशेने एक पाऊल १९०९ च्या कायद्यात पडले. शिकाऊ परिचारिकांच्या कामावर आठ तासांची मर्यादा आली. कारखान्यातल्या मुलींच्या कामाचे तास मोजणाऱ्या बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण थकवा हाही धोकाच आहे, हे त्या वाटेने आलेले शहाणपण होते.

निवृत्ती आणि उत्तरायुष्य

१९०६ हे वर्ष एका पर्वाचा शेवट ठरले. जूनमध्ये सेडन यांचे समुद्रप्रवासात निधन झाले, डिसेंबरमध्ये डॉ. मॅक्ग्रेगर गेले. त्याच वर्षी नील यांनी निवृत्ती स्वीकारली. त्यांच्या जागी हेस्टर मॅक्लीन आल्या आणि त्यांनी ही धुरा पुढे अनेक वर्षे समर्थपणे वाहिली.

पहिले महायुद्ध पेटले आणि परिचारिका रणभूमीकडे निघाल्या. देशातल्या रुग्णालयांत माणसांची टंचाई झाली. तेव्हा साठीच्या उत्तरार्धात असलेल्या ग्रेस नील वेलिंग्टन रुग्णालयाच्या मुलांच्या कक्षात कामाला उभ्या राहिल्या. परिचर्येच्या आयुष्याची त्यांची सुरुवात पेंडलबरीच्या बालरुग्णांत झाली होती. शेवटचे कामही बालरुग्णांतच झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत एका दुर्घटनेने देश हादरला. १९२३ मध्ये ऑकलंडच्या केल्विन या खासगी प्रसूतिगृहात जंतुसंसर्गाने पाच स्त्रियांचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला. न्यूझीलंडचा मातृमृत्युदर १९२० मध्ये हजार जन्मांमागे साडेसहाच्या आसपास होता आणि अन्य प्रगत देशांच्या तुलनेत तो लाजिरवाणा होता. आरोग्य विभागाने निर्जंतुकीकरणाचे काटेकोर नियम घातले, खासगी रुग्णालयांची तपासणी कडक केली. सुइणींच्या हाती असलेल्या सेंट हेलेन्स रुग्णालयांची कामगिरी तुलनेने चांगली होती, ही बाब या वादात पुन्हापुन्हा पुढे येत राहिली. नंतरच्या दशकात सूतिकाज्वराचे मृत्यू उतरू लागले. हे पाहायला ग्रेस नील नव्हत्या. १८ ऑगस्ट १९२६ रोजी वेलिंग्टनमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या मुलाने त्यांचे चरित्र लिहिले आणि वेलिंग्टन रुग्णालयातील एका इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.

नाइटिंगेल यांचा प्रश्न पुन्हा

नोंदवही असली, परीक्षा झाल्या, तपासनीस नेमले, म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला का? न्यूझीलंडला याचे उत्तर १९८७ मध्ये मिळाले. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांवर पूर्ण उपचार न करता अनेक स्त्रियांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले होते, आणि त्यांना आपण एका अभ्यासाचा भाग आहोत हे सांगितलेही नव्हते. काहींना कर्करोग झाला, काही दगावल्या. त्याच रुग्णालयातील सहकाऱ्यांनी आतल्या आत धोक्याची सूचना दिली होती. ती दडपली गेली. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रियांनी मासिकातून हे प्रकरण उजेडात आणले आणि न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली. तेथील प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक परिचारिका नोंदणीकृत होती. पात्रतेत उणीव नव्हती. उणीव होती ती ज्येष्ठाला प्रश्न विचारण्याच्या मोकळिकीत.

मराठी वाचकाला याच वर्षांतील मुंबईची आठवण व्हावी. १९८६ च्या प्रारंभी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून नियामकांपर्यंतची साखळी उघडी पाडली. दोन शहरे, दोन आयोग, जवळपास एकच काळ. न्यूझीलंडमध्ये कार्टराइट अहवालानंतर १९९४ मध्ये आरोग्य व अपंगत्व आयुक्ताचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता आली. कोणताही रुग्ण विनाशुल्क तक्रार करू शकेल असे दार उघडले. २०१० मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्ता व सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोगही स्थापन झाला. मुंबईतही अहवाल झाला, मंत्र्याचा राजीनामा झाला. पण जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुकक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली, तेव्हा व्यवस्था तपासण्याची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही, हे पुन्हा दिसले.

नाइटिंगेल आणि नील या दोघींच्या म्हणण्यात तथ्य होते. नोंदवहीवाचून रुग्णाला कोणावर विश्वास ठेवावा हेच कळत नाही. आणि केवळ नोंदवहीने विश्वास ठेवण्याजोगे माणूस घडत नाही. ग्रेस नील यांचे मोठेपण असे की, त्यांनी नोंदवही करून दिली आणि शेवटपर्यंत कक्षात जाऊन पाहण्याची सवयही सोडली नाही. मंडळाचा अध्यक्ष काय म्हणतो एवढ्यावर न थांबता त्या खाटा पाहत, हात पाहत, खिडक्या पाहत. आणि जे दिसले ते छापून लोकांपुढे ठेवले जाई. आज वेलिंग्टनमध्ये, ऑकलंडमध्ये, किंवा पुण्या-मुंबईत, आपल्या आईवडिलांना एखाद्या रुग्णालयात दाखल करताना मनात जो प्रश्न येतो, तो विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे, एवढे तरी या बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याचे धैर्य मात्र प्रत्येक रुग्णालयाला रोज नव्याने मिळवावे लागते.